बोलेरो पिकअपला १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर, टाकी आणि एअर हॉर्न कसे बसवायचे?

आधी कायद्याचं. ते सोडून पुढे गेलात तर खर्च पाण्यात जाईल. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ११९ एकामागून एक वेगळे सूर काढणारा किंवा कर्कश, दचकवणारा आवाज करणारा हॉर्न गाडीला लावायलाच मनाई करतो. म्हणजे ‘रस्त्यावर वाजवत नाही साहेब’ हे तपासणीत चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून टाकी-कॉम्प्रेसर कायमचा बसवा, टायरमध्ये हवा भरायला तो रोज उपयोगी पडतो. भोंगे आणि त्यांचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (बटण दाबलं की विजेने उघडून भोंग्यांना हवा सोडणारा) मात्र एकाच लोखंडी पट्टीवर घ्या आणि टाकीच्या तोंडाला बॉल व्हॉल्व्ह ठेवा. दोन बोल्ट, एक पाइप आणि एक कनेक्टर सोडला की सगळं खाली. खाणीत, यार्डात, शेतावर लावा. रस्त्यासाठी कंपनीचा हॉर्न जसा आहे तसाच राहू द्या.

मोठ्या ट्रकला ब्रेकसाठी हवा असतेच, तिथूनच भोंग्याला मिळते. पिकअपचे ब्रेक हायड्रॉलिक, त्यामुळे हवा आपणच तयार करायची. खरेदी करताना सोलेनॉइडच्या कॉइलवर १२ व्होल्ट लिहिलंय का ते बघा. ट्रकवाल्यांसाठीचा २४ व्होल्टचा माल त्याच दुकानात, त्याच खोक्यात असतो आणि तो १२ वर एक तर उघडत नाही किंवा अर्धवट उघडतो. खोक्यावरच्या ‘१५० डेसिबल’वर जाऊ नका. किती अंतरावर मोजलं ते लिहिलेलं नसेल तर तो आकडा निरर्थक. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात.

टाकी ६ लिटरची पुरते. १० बारपर्यंत (सुमारे १४५ पीएसआय) भरायला बाहेरची ६० लिटर हवा आत ढकलावी लागते. कॉम्प्रेसर मिनिटाला सरासरी २० लिटर देत असेल तर तीन मिनिटं. प्रेशर स्विच (टाकीतल्या दाबानुसार पंप चालू-बंद करणारा) ११० पीएसआयला चालू, १४५ ला बंद असा घ्या. सेफ्टी व्हॉल्व्ह १७५ चा, पण टाकीवर कोरलेल्या कमाल दाबापेक्षा जास्तीचा कधीच नको.

बहुतेक बिघाड वायरिंगमध्ये होतात. कॉम्प्रेसर २० अँपिअरच्या आसपास ओढतो. बॅटरीपासून मागच्या चेसिसपर्यंत ६ मीटर धरले तर २.५ एमएमच्या (म्हणजे चौरस मिमी) वायरमध्ये एका बाजूलाच ०.८ व्होल्ट पडतो, ६ एमएममध्ये ०.३५. व्होल्टेज पडलं की भरलेल्या टाकीविरुद्ध मोटर सुरूच होत नाही, गुरगुरते आणि फ्यूज उडतो. मग कोणीतरी मोठा फ्यूज टाकतो आणि वायर जळते. तेव्हा वायर ६ एमएम, फ्यूज ३० अँपिअर आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरात. रिले (बारीक वायरच्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ४० अँपिअरचा: त्याच्या ३० नंबरच्या पिनवर फ्यूजमधून येणारी वायर, ८७ वरून कॉम्प्रेसर, ८५ ला अर्थ, ८६ ला इग्निशनमधून प्रेशर स्विच होऊन आलेली बारीक वायर. प्रेशर स्विचमधून कॉम्प्रेसरचा पूर्ण करंट नेऊ नका, पॉइंट चिकटले की पंप थांबणारच नाही. अर्थ घेताना चेसिसचा रंग खरवडून लग आवळा.

सोलेनॉइडला वेगळा रिले आणि डॅशबोर्डवर वेगळं बटण. स्टिअरिंगच्या हॉर्न बटणावरूनच घ्यायचं असेल तर ते बटण प्लस देतं की अर्थ, हे टेस्ट लॅम्पने आधी तपासा.

कॉम्प्रेसर सायलेन्सरपासून लांब, चाकाचा चिखल येणार नाही अशा उंचीवर, रबर बुशवर बसवा. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका, वेल्डिंग तर नाहीच; यू-बोल्ट वापरा. हवेचा फिल्टर पाइप लावून केबिनमध्ये किंवा बॉनेटखाली कोरड्या जागी आणा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पंप पाणी ओढेल.

पंपाच्या डोक्याला आलेला जाळीचा स्टीलचा पाइप ‘लांब पडतो’ म्हणून काढून टाकू नका. तिथली हवा इतकी तापते की प्लास्टिकचा पाइप मऊ होऊन निसटतो. त्याच्या टोकाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही (टाकीतली हवा पंपाकडे परत जाऊ न देणारा) राहू द्या. टेफ्लॉन टेप पहिला आटा मोकळा सोडून गुंडाळा. टेपचा तुकडा सुटून सोलेनॉइडच्या सीटवर अडकला तर भोंगा बंदच होत नाही. अशा वेळी आधी बॉल व्हॉल्व्ह बंद करा, वायर नंतर शोधा.

सोलेनॉइड अर्धा इंची असावा आणि भोंग्यांच्या जवळ. पाइप १२ मिमीचा. ६ मिमीच्या पाइपने आवाज दबका येतो आणि लोक भोंग्यालाच दोष देतात. भोंग्यांची तोंडं किंचित खाली ठेवा, पाणी साचलं की डायफ्रॅम गंजतो.

टाकी भरून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा आणि गेजचा आकडा लिहून ठेवा. गाडी गार झाल्यावर थोडा दाब उतरतोच, पण सकाळपर्यंत निम्मा झाला तर बहुधा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा एखादा जोड गळतोय. ड्रेन कॉक टाकीच्या सर्वांत खालच्या बाजूला यायला हवा. पावसाळ्यात तो आठवड्यातून एकदा उघडा, एरवी महिन्यातून एकदा पुरे.