सीएक्ससीआर४ रिसेप्टर शरीरात नेमकं काय करतो?

तुमच्या वडिलांना मायलोमा (रक्ताचा एक कर्करोग) आहे, ट्रान्सप्लांटसाठी त्यांच्याच स्टेम सेल गोळा करायच्या आहेत आणि डॉक्टरांनी प्लेरिक्साफोर इंजेक्शन सुचवलंय. ते ज्या सीएक्ससीआर४ रिसेप्टरवर चालतं, त्याचं शरीरात काम काय, असं तुम्ही विचारलंय. मी स्टेम सेल गोळा करणाऱ्या अफेरेसिस विभागात काम करते, म्हणून सांगते.

रिसेप्टर म्हणजे पेशीवरचा, बाहेरचा संदेश पकडणारा ग्राहक; सीएक्ससीआर४ हे असंच, पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेलं प्रथिन. बोन मॅरोमधल्या काही पेशी सीएक्ससीएल१२ नावाचं छोटं प्रथिन सोडत असतात. गुळाकडे मुंग्या वळाव्यात तशा सीएक्ससीआर४ असलेल्या पेशी त्याच्याकडे सरकतात आणि तिथेच थांबतात. रक्त बनवणाऱ्या स्टेम सेल मॅरो सोडून सहसा बाहेर पडत नाहीत, त्याचं हे मोठं कारण. शिवाय काम रक्तापुरतंच नाही. उंदरांमधून हे जनुक काढून टाकलं तर पिल्लं गर्भात किंवा जन्मतःच दगावतात. हृदयाच्या पडद्यात दोष राहतो, लहान मेंदूची घडण बिघडते.

प्लेरिक्साफोर आधी एचआयव्हीसाठी तपासलं जात होतं, कारण त्या विषाणूचे काही प्रकार सीएक्ससीआर४ला धरूनच पेशीत शिरतात. पण ते दिलेल्या माणसांच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या आणि औषधाची दिशाच बदलली. २००८ मध्ये अमेरिकेत त्याला स्टेम सेल गोळा करण्यासाठी मान्यता मिळाली. ते रिसेप्टर अडवतं, पेशींची पकड सुटते, त्या रक्तात उतरतात.

याच्या उलटही घडतं. व्हिम सिंड्रोम या दुर्मिळ आजारात रिसेप्टर बंदच होत नाही, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मॅरोतच अडकतात आणि सारखा जंतुसंसर्ग होतो. १९६४ मध्ये ज्या मुलीत हा आजार प्रथम नोंदवला गेला, ती मोठेपणी औषधाविना बरी झाली! तिच्या एका स्टेम सेलमध्ये क्रोमोसोम २ चे तुकडे होऊन सदोष जनुक गळून गेलं होतं आणि त्याच पेशीच्या वंशाने पुढे मॅरो भरला. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हापासून मी ते भेटेल त्याला सांगते.

इंजेक्शन बहुधा पेशी गोळा करण्याच्या आदल्या संध्याकाळी देतात. जुलाब, मळमळ किंवा टोचल्या जागी लाली येऊ शकते. तसं झालं तर विभागात लगेच सांगा. औषधाचा असर फार टिकत नाही. पुढे त्याच पेशी सलाइनसारख्या शिरेतून परत देतात, तेव्हा मॅरोपर्यंत पोचायला त्यांना सीएक्ससीआर४चीच मदत होते.