स्पेनचे पर्यटक महाराष्ट्रात आणायचे असतील तर तयारी कशी करावी?

छत्रपती संभाजीनगरमध्ये तुमची छोटी टूर एजन्सी आहे, आजवर मुख्यतः जपान-कोरियाच्या बौद्ध यात्रेकरूंचं काम केलंय, आता स्पेनकडे वळायचंय आणि जर्मन-ब्रिटिश पाहुण्यांसाठी केलेलंच पॅकेज थोडं बदलून चालेल का, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते चालणार नाही. मुख्य अडचण महिन्याची आहे.

जर्मन आणि ब्रिटिश माणूस थंडी टाळायला नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येतो. स्पॅनिश माणसाला घरीच भरपूर ऊन आहे, त्यामुळे तो सुट्टी मिळेल तेव्हा येतो. स्पेनमध्ये कायद्याने वर्षाला ३० कॅलेंडर दिवसांची पगारी रजा असते, आणि तिचा मोठा भाग ऑगस्टमध्ये घेतला जातो. शाळा जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत बंद असतात. म्हणजे मुलांचे आईबाप आणि शिक्षक येणार ते आपल्या भर पावसाळ्यात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नवविवाहित जोडपी आणि निवृत्त मंडळी निघतात. त्यानंतर ६ आणि ८ डिसेंबरच्या सुट्ट्या जोडून मिळणारा आठवडा आणि ईस्टरच्या आधीचा आठवडा, एवढंच. शिवाय स्पॅनिश लोकांच्या दहापैकी सुमारे नऊ सहली स्पेनमध्येच होतात. उरलेल्या थोड्यांतून तुम्हाला गिऱ्हाईक काढायचंय, तेव्हा 'आमच्याकडे डिसेंबरात या' हे सांगण्यात शक्ती घालवू नका. ऑगस्टचं पॅकेज बांधा.

ऑगस्टसाठी तुमच्या गावाची बाजू भक्कम आहे. कोकण-गोव्यात तेव्हा समुद्रात उतरता येत नाही, गोव्यातले शॅक बंद असतात. मराठवाड्यात पाऊस बेताचा आणि डोंगर हिरवे असतात. वेरूळला २९ नंबरच्या लेण्याशेजारचा धबधबा आणि अजिंठ्याची वाघूर नदी भरून वाहते ती याच दिवसांत. पण त्यांच्या डोक्यातला भारत म्हणजे दिल्ली-आग्रा-जयपूर-वाराणसी. ते मोडून काढायला जाऊ नका. राजस्थान उदयपूरला संपवून विमानाने मुंबईमार्गे संभाजीनगर, अशी चार रात्रींची जोड द्या.

जोड देताना वार बघा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. पाहुणे रविवारी संध्याकाळी पोचले तर सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा, बुधवारी मुंबई हे बरोबर बसतं. उलटं केलंत तर दोन्ही दिवस वाया. मुंबईत ऑगस्टमध्ये घारापुरीवर भिस्त ठेवू नका, समुद्र खवळला की लाँच बंद होतात. पर्याय म्हणून कान्हेरी आधीच कार्यक्रमात लिहून ठेवा. पावसात ती लेणी फार सुंदर दिसतात. फक्त ती ज्या राष्ट्रीय उद्यानात आहेत, ते सोमवारी बंद असतं.

पावसाळ्यात अजिंठ्याला अडचणी छोट्या असतात, पण तक्रारी त्यांच्याच येतात. चित्रांच्या लेण्यांत चपला-बूट बाहेर काढायचे आणि दगड ओला, त्यामुळे प्रत्येकाला मोज्यांचा जादा जोड घ्यायला सांगा. आभाळ भरलेलं असलं की आत अंधार असतो, फ्लॅश चालत नाही, डोळे सरावायला वेळ लागतो. एक, दोन, सोळा आणि सतरा या चार लेण्यांनाच निवांत वेळ द्या, बाकीची चालता चालता. कैलास लेण्याच्या वरच्या कड्यावर शेवाळ धरतं, तिथे पाऊस सुरू असताना नेऊ नका.

जेवणाची वेळ हा दुसरा विषय. त्यांचं दुपारचं जेवण दोन ते साडेतीन आणि रात्रीचं नऊच्या पुढे. संभाजीनगरहून सकाळी सातला निघून अजिंठा बघून दोनला फर्दापूरला जेवायला बसणं त्यांना अगदी सोयीचं पडतं. पण आदल्या रात्री हॉटेलचं किचन दहाला बंद झालं तर भांडण ठरलेलं. बुकिंग करतानाच 'शेवटची ऑर्डर साडेदहा' हे लेखी घ्या. जेवण झाल्यावर ते लगेच उठत नाहीत, बोलत बसतात. दुपारच्या जेवणाला दीड तास धरा, वेटरला बिल पुढे सरकवू देऊ नका.

स्पॅनिश स्वयंपाक तिखट नसतो. लाल पूड ते वापरतात, पण ती रंग आणि धुरकट वासासाठी. किचनला 'तिखट कमी करा' सांगून भागत नाही, कारण मिरची वाटणात आधीच दळलेली असते. मिरची न घातलेलं वाटण वेगळं काढायला लावा. वरण-भात-तूप, बटाट्याची सुकी भाजी, तंदूरमधला मासा, दही, आणि प्रत्येक जेवणाला ब्रेड किंवा गरम रोटी, एवढ्यावर ते खूश असतात. कॉफीवर मात्र तडजोड नाही. दुधाळ इन्स्टंट कॉफीचा उल्लेख अभिप्रायात हमखास येतो. गोमांस राज्यात मिळणार नाही, हे आधीच कळवा.

भाषा. इंग्रजीत काम चालवून घेणारे स्पॅनिश पर्यटक आहेत, पण ग्रुप घेऊन येणारी कंपनी स्पॅनिश गाइडशिवाय हो म्हणणार नाही. संभाजीनगरला असा गाइड मिळाला नाही तर दिल्लीहून पूर्ण सहलीसाठी सोबत फिरणारा गाइड (एस्कॉर्ट) घ्यावा लागतो. त्याची फी, बाहेरगावचा भत्ता, राहणं आणि विमान हे सगळं माणशी वाटून लावायचं. दोघांच्या बुकिंगवर ते फार जड जातं, म्हणून दर २, ४, ६, १० माणसांच्या टप्प्यांत द्या. ऑगस्टसाठीचा गाइड मार्चपर्यंत बांधून ठेवा. आणि लांबचा विचार कराल तर तुमच्याच लेण्यांवरच्या एखाद्या तरुण परवानाधारक गाइडला स्पॅनिश शिकवा. दिल्लीच्या इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेस या स्पॅनिश शिकवणाऱ्या संस्थेतून डेले या भाषा-परीक्षेची बी२ पातळी गाठलेला लेण्यांचा जाणकार हाती असला, तर तुमच्यापुढे स्पर्धाच उरत नाही.

आता कागदपत्रं, कारण खरा गोंधळ इथे होतो. प्रत्येकाला दोन आडनावं असतात, सहसा आधी वडिलांचं, मग आईचं. लग्नानंतर बायको नाव बदलत नाही. नवरा गार्सिया लोपेस, बायको मार्तीनेस रुईस, मुलगा गार्सिया मार्तीनेस: हे एकच कुटुंब आहे आणि त्यांना एकच खोली हवी आहे. आपल्याकडे पहिलं आडनाव 'मिडल नेम' समजून टाकलं जातं. मग विमानतळावर चुकीच्या नावाची पाटी आणि तिकिटावर वेगळंच आडनाव. ई-व्हिसाच्या अर्जात दोन्ही आडनावं आडनावाच्याच रकान्यात, पासपोर्टवर आहेत त्याच क्रमाने.

दरपत्रक लिहिताना आकड्यांची खबरदारी घ्या. स्पेनमध्ये हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. तुमचं '१,२५०' तिकडे सव्वा असं वाचलं जाऊ शकतं. त्यामुळे विरामचिन्हंच टाळा, १२५० युरो लिहा. आपलं सीपी (खोली आणि नाश्ता) म्हणजे त्यांचं एडी, एमएपी (नाश्ता आणि एक जेवण) म्हणजे एमपी, एपी (नाश्ता आणि दोन्ही जेवणं) म्हणजे पीसी. डबल रूममध्ये एक मोठा पलंग की दोन वेगळे, हे प्रत्येक खोलीपुढे लिहा. टिपची सवय तिकडे फार कमी आहे. ड्रायव्हर-गाइडची टिप दरातच धरा, नाहीतर किती द्यायची ते सहलीआधी लिहून कळवा. शेवटच्या दिवशी सुचवलेली टिप त्यांना जबरदस्ती वाटते. कमिशनच्या दुकानात नेणं तर पूर्ण बंद ठेवा.

थेट प्रवाशापर्यंत पोचायच्या मागे लागण्याआधी तिथली साखळी समजून घ्या: मायोरिस्ता म्हणजे पॅकेज बनवणारी घाऊक कंपनी, मिनोरिस्ता म्हणजे गल्लीतलं ट्रॅव्हल ऑफिस, आणि तुम्ही रेसेप्तिवो, म्हणजे पाहुण्यांची इथली व्यवस्था बघणारे. पॅकेजमध्ये काही बिघडलं तर युरोपच्या २०१५च्या पॅकेज ट्रॅव्हल निर्देशामुळे जबाबदारी त्या स्पॅनिश कंपनीवर येते, म्हणून ती तुमच्याकडे विमा, गाड्यांचे कागद आणि रात्री-अपरात्री उचलला जाणारा फोन मागणार. हे तयार ठेवा. भेटीगाठींसाठी जानेवारीत माद्रिदला 'फितूर' (FITUR) हा पर्यटन मेळा भरतो, पण तिथे कोरे जाऊ नका, वेळा नोव्हेंबरातच ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये बरीच ऑफिसं दुपारी तीनला बंद होतात, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेसहाला. त्यानंतरच्या मेलला उत्तर दुसऱ्या दिवशी.

एक छोटा पण पक्का वर्ग बहुतेक एजन्सी विसरतात. व्हिसेंते फेरेर हे बार्सिलोनात जन्मलेले जेझुइट पंथाचे ख्रिस्ती धर्मगुरू मनमाडला विहिरी आणि शेतीचं काम करत होते. १९६८मध्ये त्यांना देश सोडावा लागला, तेव्हा शेतकरी त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले. परतल्यावर १९६९पासून त्यांनी आंध्र प्रदेशातल्या अनंतपूरला काम आणि संस्था उभी केली. त्या संस्थेला मदत करणारी स्पॅनिश कुटुंबं आपण आर्थिक पालकत्व घेतलेल्या मुलांना भेटायला अनंतपूरला येतात. त्यांना हंपी, मग मनमाड आणि तुमची लेणी असा मार्ग देता येईल. दुसरा वर्ग जुन्या गोव्याला सेंट फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला येणाऱ्यांचा. झेवियर मूळचे उत्तर स्पेनमधल्या नवार्रा प्रांताचे, ३ डिसेंबर हा त्यांचा सण आणि नवार्राचाही दिवस. डिसेंबरातली तुमची सगळ्यात भरवशाची तारीख हीच, आणि तिच्यासाठी पत्रव्यवहार ट्रॅव्हल कंपन्यांपेक्षा नवार्राची राजधानी पाम्पलोनाच्या आसपासच्या चर्चशी करा.