खाण कंपनीच्या करारावर सही करण्यापूर्वी पाण्याची स्वतंत्र नोंद करून घ्यावी

आपल्या पत्राचा गोषवारा असा आहे: आपली सामाईक विहीर सोन्याच्या खाणीतील टाकाऊ गाळाच्या तलावाखाली, उताराच्या बाजूला आहे. पाण्याविषयी शंका आल्यावर आपण ते घरच्या बाटलीत भरले आणि आठवडाभराने प्रयोगशाळेत दिले, तेव्हा अहवालात सायनाइडपुढे (सोने वेगळे करण्यासाठी वापरले जाणारे विषारी रसायन) ‘आढळले नाही’ असा शेरा आला. आता कंपनी स्वखर्चाने दरमहा तपासणी करण्यास तयार आहे, मात्र अहवाल गोपनीय राहतील, तिच्या प्रयोगशाळेचा निष्कर्ष अंतिम असेल आणि आपण कोणत्याही न्यायालयात वा न्यायाधिकरणात जाणार नाही, अशा करारावर तिला आपली सही हवी आहे.

या स्वरूपातील करारावर सही करू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. कायदेशीर मार्गाने हक्क बजावण्यास पूर्ण मज्जाव करणारी अट भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 28 नुसार तेवढ्यापुरती रद्दबातल ठरते, त्यामुळे तिसऱ्या अटीची मला फारशी चिंता वाटत नाही. चिंता आहे ती पहिल्या दोन अटींची, कारण त्या मान्य केल्यास पुढे दूषण झालेच तर पूर्वीचे पाणी कसे होते याचा एकमेव पुरावा ज्याच्याविरुद्ध दाद मागायची त्याच्याच ताब्यात राहील.

हातातील अहवालावर मात्र आपण विसंबू नये. सायनाइड पाण्यात स्थिर राहत नाही; पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) उतरला की त्याचा वायू होऊन ते निघून जाते, आणि सूर्यप्रकाशातही त्याचे स्वरूप बदलते. म्हणून नमुना घेताक्षणीच त्यात सोडियम हायड्रॉक्साइड घालून सामू 12 च्या वर न्यावा लागतो, बाटली अंधारात व थंड ठेवावी लागते, आणि असे जतन केलेल्या नमुन्याचीही तपासणी साधारणपणे 14 दिवसांत व्हावी लागते. हे काम प्रयोगशाळेच्या प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावे. धातूंच्या तपासणीसाठीच्या बाटलीत आम्ल घालतात. त्याच बाटलीतून सायनाइड तपासले तर ते आढळणार नाही आणि विषारी वायूचा धोका उरेल, म्हणून दोन्हींच्या बाटल्या वेगळ्याच असल्या पाहिजेत.

‘आढळले नाही’ या शेऱ्याला अर्थ येतो तो प्रयोगशाळेची शोधमर्यादा, म्हणजे तिच्या पद्धतीला दिसू शकणारे सर्वांत कमी प्रमाण, कळल्यावर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस 10500 : 2012 नुसार, सायनाइडची मर्यादा लिटरमागे 0.05 मिलिग्रॅम आहे आणि तीत सवलत नाही. ज्या पद्धतीला 0.1 पेक्षा कमी प्रमाण दिसतच नाही, तिचा असा शेरा आपल्या विहिरीबद्दल काहीच सांगत नाही. अहवालात सायनाइडचे मुक्त, दुर्बळ आम्लात सुटणारे आणि एकूण असे तिन्ही आकडे मागावेत, कारण लोहाशी घट्ट बांधलेले सायनाइड केवळ मुक्त सायनाइडच्या चाचणीत येत नाही. सोबत आर्सेनिक, तांबे, सल्फेट आणि नायट्रेटही तपासून घ्यावे.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त असावी आणि तिच्या मान्यतेच्या व्याप्तीत पाण्यातील सायनाइडची चाचणी नमूद असावी. नमुना घेताना दोन तटस्थ व्यक्तींसमोर पंचनामा करावा, बाटली मोहोरबंद करावी, आणि ती कोणाकडून कोणाकडे केव्हा गेली याची सहीनिशी नोंद ठेवावी. पर्यावरणविषयक दावे चालवणारे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण पुराव्याच्या कायद्याच्या नियमांनी बांधलेले नाही, हे खरे. तरीही ही नोंद तुटकी असेल तर प्रतिपक्षाचे वकील आपल्या आकड्याला नव्हे, बाटलीलाच आव्हान देतील. तपासणी एकदाच करून थांबू नये. पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यात आणि नंतर, त्याच ठिकाणांहून ती करावी, आणि तलावाच्या वरच्या बाजूची एखादी विहीरही घ्यावी, म्हणजे तुलना करता येईल.

याच्या जोडीला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज करावा. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1974 च्या कलम 21 नुसार मंडळाला विहिरीतून नमुना घेता येतो. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना मात्र त्या कलमातील नोटिशीची पद्धत पाळून घेतला नसेल, तर त्याचा निष्कर्ष पुराव्यात ग्राह्य धरला जात नाही, म्हणून पद्धत पाळल्याची नोंद अर्जातच मागावी. पर्यावरणीय मंजुरी असलेल्या प्रकल्पाला अटींच्या पालनाचा अहवाल दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला सादर करावा लागतो आणि तो जनतेसाठी खुला असतो. त्यातील भूजलाचे आकडे आपल्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावेत.

मुदतीचे भान आतापासूनच ठेवावे. हरित न्यायाधिकरण अधिनियम, 2010 च्या कलम 14 खालील अर्जाला वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून 6 महिने मिळतात, तर कलम 15 खालील भरपाई व पर्यावरण पूर्वस्थितीत आणण्याच्या मागणीसाठी 5 वर्षे. दोन्हींत पुरेसे कारण दाखवल्यास 60 दिवसांची वाढ मिळू शकते. पहिला वाईट अहवाल हाती आला की कंपनीशी पत्रव्यवहारात महिने घालवू नयेत, आणि त्या दिवसापासून ते पाणी माणसांना वा जनावरांना देऊ नये.

कंपनीला सरळ नकार कळवण्याची गरज नाही. ‘आम्ही तपासणीस तयार आहोत, परंतु प्रत्येक नमुना दोन भागांत विभागून एक मोहोरबंद भाग आम्हांला द्यावा, अहवालाची प्रत आम्हांला व मंडळाला एकाच वेळी पाठवावी, आणि आमचे सर्व कायदेशीर हक्क अबाधित राहावेत,’ असे पत्र पोचपावतीसह पाठवावे आणि तिचे लेखी उत्तर जपून ठेवावे.