नाणं 1780 चं, तलवार कधीची?

वाचकांचे प्रश्न : जुनी शस्त्रं

प्रश्न : माझे आजोबा मराठा पलटणीतून 1941 मध्ये एरिट्रियात केरेनच्या लढाईला होते. त्यांनी येताना आणलेली वाकडी तलवार घरात आहे. काळी मूठ मध्ये निमुळती, डमरूसारखी. मुठीच्या माथ्यावर 1780 सालचं चांदीचं नाणं आणि पात्यावर सिंह व न कळणारी अक्षरं आहेत. नातेवाईक म्हणतात, ही जंजिऱ्याच्या सिद्दींची. खरं काय?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : सिद्दी मूळचे हबसाणातले (म्हणजे इथिओपियाकडचे) हे खरं, पण तुमच्या तलवारीला जंजिऱ्यापर्यंत नेण्याची गरज नाही. वर्णनावरून ही इथिओपियाची ‘गोराडे’ दिसते. (विळ्यासारखी खूपच वाकलेली, दोन्ही बाजूंना धार असलेली ती ‘शोतेल’. ती वेगळी.)

नाण्यावरून मात्र काळ ठरवू नका. तुमचं नाणं बहुधा मारिया थेरेसा थेलर. ऑस्ट्रियाच्या या राणीचं नाणं तिच्या मृत्यूनंतरही 1780 हेच साल घालून पाडलं जात राहिलं, कारण इथिओपिया आणि तांबड्या समुद्राकाठचे व्यापारी दुसरं नाणं सहज घेत नसत. 1940-41 मध्ये तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही ती पाडली गेली! पात्याचा दांडा मुठीतून आरपार नेऊन माथ्यावर ठोकून चपटा करतात. तो शिंगाच्या मुठीत रुतू नये म्हणून खाली नाणं किंवा धातूची चकती घालतात. म्हणजे नाणं इथे वायसरचं काम करतं.

मूठ आणि पातं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मूठ इथिओपियात घडलेली असली तरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली बरीच पाती युरोपातून आलेली असतात. ती ओळखायची तर आधी काहीही घासू नका. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, पॉलिश पेपर, सगळं लांब. खोली अंधारी करून टॉर्च पात्याला जवळजवळ समांतर धरा आणि मुठीपासून पाच-सहा इंचांचा भाग दोन्ही अंगांनी, मग बोथट पाठ पाहा. शिक्का दिसला की पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. फोटोत न येणारं त्यात उमटतं.

काय सापडू शकतं? पाठीवर तिरप्या फ्रेंच अक्षरांत शातेलरो या गावाचं नाव असेल तर ते तिथल्या फ्रेंच सरकारी कारखान्याचं पातं. त्यात ‘रॉयाल’ म्हणजे 1848 पूर्वीचं, ‘इंपेरियाल’ म्हणजे 1852 ते 1870. शेजारी ‘मॉडेल 1822’ असेल तर ते नमुन्याचं वर्ष, बनावटीचं नव्हे. इथे फार जण फसतात. सोलिंगेन या शहराचं नाव असेल तर जर्मन. ‘मेड इन जर्मनी’ असेल तर बहुधा 1887 नंतरचं, कारण त्या वर्षी ब्रिटनने परदेशी मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं; पण ते नसेल तर काहीच सिद्ध होत नाही. धावत्या लांडग्याच्या शिक्क्यावरही विसंबू नका. पासाउ या जर्मन शहराचा तो शिक्का सोलिंगेनने उचलला, पुढे आफ्रिकेतल्या लोहारांनीही.

सिंहाभोवतीची अक्षरं इथिओपियाच्या गीझ लिपीतली असणार. नेहमीचं वाक्य म्हणजे ‘यहूदाच्या वंशाचा सिंह विजयी झाला’, हे तिथल्या सम्राटांचं बिरुद. मेनेलिकचं नाव असेल तर सम्राट म्हणून त्याची कारकीर्द 1889 ते 1913. साल दिलं असेल तर आपलं इसवी सन काढण्यासाठी त्यात 7 किंवा 8 मिळवा. भिंगाखाली अक्षरांचा तळ सपाट, उथळ आणि सारखा खडबडीत असेल तर ती आम्लाने कोरलेली, म्हणजे पातं बहुधा इथिओपियासाठीच मागवलेलं. घळी इंग्रजी व्हीसारख्या, कडा उचललेल्या असतील तर छिन्नीचं हातकाम, ते पात्यावर नंतरही झालेलं असू शकतं.

शिक्काच नसेल तर व्हर्नियर कॅलिपरने पाठीची जाडी मुठीजवळ, मध्ये आणि टोकाआधी चार इंचांवर मोजा. कारखान्याचं पातं एकसारखं बारीक होत जातं. हाताने ठोकलेल्यात मध्येच जाडी वाढते.

शिक्का अर्धा मुठीखाली गेला असला तरी मूठ काढू नका. दांड्याचं चपटं टोक कापावं लागतं आणि सुकलेलं शिंग चिरतं.

प्रश्न : अशीच मूठ गेंड्याच्या शिंगाची की म्हशीच्या, घरी कसं कळेल? आणि पावसाळ्यात तलवार म्यानात ठेवावी का?
— एक वाचिका, नौपाडा, ठाणे

उत्तर : मुठीच्या आडव्या कापावर, म्हणजे माथ्यावर नाण्याभोवती, भिंग धरा. कापलेल्या ब्रशसारखे बारीक ठिपके आणि बाजूंना उभे समांतर धागे दिसले तर गेंडा. शिवाय पातळ कड प्रखर उजेडात लालसर-मधाळ दिसते. म्हशीच्या शिंगात ठिपके नसतात, एकावर एक थर दिसतात. तापलेली सुई टोचू नका. दोन्ही केराटिनच, वास सारखाच येतो आणि मुठीला कायमचं भोक पडतं. गेंड्याचं निघालं तर ती परदेशी विकायचा विचार सोडा, त्या व्यापाराला सिटेस या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आहे.

म्यानात ठेवू नका. खाडीकाठच्या हवेत चामडं ओल धरतं, आणि कमावताना वापरलेली द्रव्यं पात्यावर काळे डाग पाडतात. पातं सुक्या सुती कापडाने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. खोबरेल किंवा गोडं तेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. तलवार आडवी ठेवा, म्यान शेजारी वेगळं. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पाहा, आणि पात्याला उघड्या बोटांनी हात लावू नका.