टर्बो सीमधून बाहेर पडण्याआधी नोंदींची फाइल वाचवा

वाईच्या एका पॉलिटेक्निक विद्यार्थ्याने दोन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली अशी की, कॉलेजच्या प्रयोगशाळेत टर्बो सी या डॉसच्या काळातल्या जुन्या सी कंपायलरवर आठचा फॅक्टोरियल -२५२१६ येतो आणि घरी विंडोज ११ च्या लॅपटॉपवर तोच प्रोग्रॅम ४०३२० दाखवतो, तर यातले खरे कोणते. दुसरी अशी की, दूध संकलनाच्या प्रोजेक्टमधल्या सुमारे चारशे नोंदींची फाइल कॉलेजातून घरी आणून पुढचे काम घरीच करायचे आहे, तर कोणता कंपायलर घ्यावा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणीही देईल. दुसरा प्रश्न वाचल्यावर मात्र मला सांगलीतले माझे स्वतःचे २०११ साल आठवले, आणि म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कंपायलर म्हणजे काय आणि तो कसा बसवायचा, हे मी सांगत बसत नाही. ते तुम्हाला येते असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते. फॅक्टोरियलचे कारण तेवढे सांगतो. टर्बो सी सोळा बिटांचा आहे, त्याचा इंट, म्हणजे पूर्णांक ठेवण्याचा प्रकार, दोन बाइटचा असतो आणि त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतात. ४०३२० त्यात मावत नाहीत, त्यातून ६५५३६ वजा होऊन -२५२१६ उरतात. घरच्या कंपायलरचा इंट चार बाइटचा आहे. सी भाषेचे प्रमाण इंट किमान सोळा बिटांचा असावा एवढेच सांगते, त्यामुळे दोन्ही कंपायलर आपापल्या जागी नियमात आहेत. चूक आहे ती इंटची मर्यादा गृहीत धरणाऱ्या आपल्या प्रोग्रॅमची. हे नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे याच एका मुद्द्यावर उभे आहे.

माझ्या मामांचे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे अडत दुकान होते. डिप्लोमा करत असताना २००९ मध्ये मी त्यांच्यासाठी पट्ट्यांचा प्रोग्रॅम टर्बो सीमध्ये लिहिला. पट्टी क्रमांक, शेतकऱ्याचे नाव, पोत्यांची संख्या, वजन आणि भाव अशी पाच घरांची एक स्ट्रक्चर होती आणि ती एफराइट या फंक्शनने जशीच्या तशी फाइलमध्ये उतरत असे. ऐन हंगामात एका दिवशी आवक मोठी झाली आणि दिवसाच्या वजनाची बेरीज उणे आली. तुमच्या फॅक्टोरियलला झाले तेच हे होते, कारण किलोची बेरीज ३२७६७ च्या पुढे गेली होती. मी वजनाच्या इंटचा लाँग, म्हणजे चार बाइटचा मोठा पूर्णांक, केला, बेरीज सरळ झाली, आणि असे का झाले हे न विचारता पुढे गेलो. तिथे थांबून विचारले असते तर पुढचे टळले असते, असे मला आजही वाटते.

२०११ मध्ये मामांनी नवा संगणक घेतला, त्यावर चौसष्ट बिटांची विंडोज ७ होती. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर सोळा बिटांचे प्रोग्रॅम चालतच नाहीत, त्यामुळे टर्बो सीही चालेना आणि माझा प्रोग्रॅमही. मी कोडब्लॉक्स हा एडिटर आणि त्यासोबत येणारा जीसीसी हा कंपायलर बसवला, टर्बो सीपुरत्या असलेल्या कोनियो हेडरच्या चार-पाच ओळी काढून टाकल्या, प्रोग्रॅम कंपाइल झाला आणि सुरूही झाला. जुनी फाइल मी पेन ड्राइव्हवरून नव्या संगणकावर हलवली होती. लक्षात घ्या, मी तिची प्रत केली नव्हती, मूळ फाइलच हलवली होती.

आता हिशेब पाहा. टर्बो सीमध्ये माझी नोंद ३७ बाइटची होती: क्रमांकाचे दोन, नावाचे पंचवीस, पोत्यांचे दोन, वजनाचे चार आणि भावाचे चार. जीसीसीत इंट चार बाइटचा झाला, शिवाय नावाच्या पंचवीस बाइटनंतर पुढचा इंट चारच्या पटीत बसावा म्हणून कंपायलरने मध्ये तीन बाइट रिकामे सोडले, आणि नोंद ४४ बाइटची झाली. हीच व्याख्या चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर कंपाइल केली तर ५६ बाइट होतात, कारण तिथे लाँगही आठ बाइटचा असतो, तर विंडोजवर तो चारच राहतो. फाइलमध्ये २६०० पट्ट्या होत्या, म्हणजे ९६२०० बाइट. नव्या प्रोग्रॅमने सुरू होताच २१८६ नोंदी असल्याचे दाखवले, कारण त्याने फाइलचा आकार ४४ ने भागला. तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी तो वाचला नाही. पहिल्याच पट्टीचा क्रमांक १ च्या जागी १०९५७६१९२१ आला होता, कारण क्रमांकाच्या दोन बाइटना नावाची पहिली दोन अक्षरे, पी आणि ए, चिकटून चार बाइट झाले होते. आणि नाव तिसऱ्या अक्षरापासून सुरू होत होते. हे सगळे मला नंतर, कागदावर बाइट मांडून पाहिल्यावर कळले. त्या क्षणी मी क्रमवारी लावण्याचा पर्याय दाबला, जो फाइल वाचून, नोंदी लावून, त्याच फाइलवर परत लिहीत असे.

एवढे होऊनही पेन ड्राइव्हवरून पुसलेली मूळ फाइल परत मिळण्याची शक्यता होती. मी जिथे सी शिकलो त्या संगणक वर्गात तो पेन ड्राइव्ह आणि नवा संगणक घेऊन गेलो. त्या वर्गाचे नाव लिहीत नाही. आज तिथे वेगळी माणसे असतील आणि त्यांच्यावर रोष काढून उपयोग नाही. पण जे झाले ते सांगणे मला आवश्यक वाटते. तिथे मला सांगण्यात आले की, टर्बो सी सोडला म्हणून असे झाले, सी म्हणजे टर्बो सीच, बाकीच्या भानगडीत पडू नये. नऊ दिवस दोन्ही वस्तू ठेवून घेतल्या, फी घेतली, आणि परत दिले तेव्हा संगणकावर विंडोज नव्याने टाकलेली होती व पेन ड्राइव्ह फॉरमॅट केलेला होता. फाइल कुठे आहे असे विचारल्यावर, व्हायरस होता म्हणून सगळे साफ केले, असे उत्तर मिळाले. ज्यांनी मला एफराइट शिकवले, त्यांनी साइझऑफचे, म्हणजे एखादी गोष्ट किती बाइटची आहे हे सांगणाऱ्या क्रियेचे, उत्तर प्रत्येक कंपायलरमध्ये वेगळे येऊ शकते हे कधी सांगितले नव्हते, आणि नुकसान झाल्यावरही ते समजून घेतले नाही, याचे दुःख फाइल गेल्याच्या दुःखापेक्षा मोठे आहे. मामा काही बोलले नाहीत. कार्बन प्रतींच्या पावती पुस्तकांवरून मी आणि मामीने रोज रात्री दुकान बंद झाल्यावर पट्ट्या पुन्हा भरल्या, आणि जिथे कार्बन पुसट होता तिथे शेतकऱ्यांना फोन करावे लागले.

आता कंपायलरची निवड. ही माझी मते आहेत. मी डेस्कटॉपवरचे प्रोग्रॅम लिहितो, मायक्रोकंट्रोलरचे काम मी केलेले नाही आणि मॅक वापरलेला नाही, त्यामुळे त्या बाबतीत माझ्या शब्दावर जाऊ नका.

तुमच्यासाठी मी जीसीसी सुचवेन. तो १९८७ पासून आहे, मोफत आहे, आणि विंडोज व लिनक्स दोन्हीकडे मिळतो. विंडोजवर तो मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४ च्या रूपात येतो. एमएसवायएस२ या मोफत संचातून घेतला तर पुढे अद्ययावत ठेवणे सोपे जाते. कोडब्लॉक्स घ्यायचे असेल तर ज्या फाइलच्या नावात मिनजीडब्ल्यू आहे तीच उतरवा, कारण दुसरीत कंपायलर नसतोच आणि मग कंपायलर सापडत नाही म्हणून मुले दोन दिवस अडकून बसतात. व्हिज्युअल स्टुडिओ कोड हाही एडिटर आहे, कंपायलर नव्हे. पूर्ण व्हिज्युअल स्टुडिओ वेगळा, त्यात मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा कंपायलर येतो आणि त्याचा डीबगर मला आवडतो, परंतु तो काही गिगाबाइट जागा घेतो, आणि साध्या स्कॅनएफवर इशारा देऊन त्याच्या जागी स्वतःचे वेगळे फंक्शन सुचवतो. शिकणाऱ्याने तो सल्ला मुकाट मानला तर तो प्रोग्रॅम दुसरीकडे कंपाइल होत नाही, म्हणजे आपण पुन्हा एकाच कंपायलरला बांधले जातो. देव-सी++ बद्दल एवढेच म्हणेन की, अनेक ठिकाणी अजून २०१५ ची आवृत्ती फिरते आणि तिच्यासोबतचा जीसीसी तितकाच जुना आहे.

लॅपटॉपवर आधी कधी दुसरे काही बसवले असेल तर कमांड प्रॉम्प्टवर ‘व्हेअर जीसीसी’ हा आदेश देऊन नक्की कोणता जीसीसी चालतो आहे ते पाहा. जुना बत्तीस बिटांचा जीसीसी पाथमध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्रॅम शोधते त्या फोल्डरांच्या यादीत, पुढे असला तर नवा बसवूनही जुनाच चालत राहतो. कामाचे फोल्डर सी ड्राइव्हच्या मुळाशी, रोमन अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवा. वापरकर्त्याचे नाव देवनागरीत असल्यामुळे फाइल न सापडल्याची तक्रार मी पाहिली आहे. ताजी कंपाइल केलेली एक्झी फाइल अँटिव्हायरस कधी कधी उचलून नेतो, तेव्हा कंपायलरला दोष देण्याआधी तिथे पाहा.

कंपाइल करताना प्रमाण स्पष्ट सांगावे, सी११ किंवा सी१७, आणि वॉल (-Wall) व एक्स्ट्रा (-Wextra) हे दोन्ही इशाऱ्यांचे पर्याय नेहमी चालू ठेवावेत. इशारा आलेला प्रोग्रॅम मी पूर्ण झाला असे धरत नाही, आणि तुम्हीही धरू नये असे मला कळकळीने सांगायचे आहे. प्रमाण न सांगितल्यास प्रत्येक आवृत्ती आपले प्रमाण धरते: जीसीसी ८ पासून सी१७ आणि जीसीसी १५ पासून सी२३. जीसीसी १४ पासून तर हेडर न घेता वापरलेले फंक्शन ही सरळ चूक धरली जाते, त्यामुळे वर्गाच्या वहीतले जुने प्रोग्रॅम एकाएकी कंपाइल होईनासे झाले तर घाबरू नका, हेडर जोडा. लॅपटॉप झेपत असेल तर विंडोजमध्येच लिनक्स चालवणारे डब्ल्यूएसएल घालून लिनक्सवरचा जीसीसीही ठेवा. चुकीच्या जागी लिहिलेली मेमरी जागेवर पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर तिथे मिळतो, मिनजीडब्ल्यूच्या जीसीसीत तो मिळत नाही. शिवाय एकच प्रोग्रॅम दोन कंपायलरमध्ये चालवून उत्तरे ताडण्याची सवय लागते.

कॉलेजात टर्बो सीच वापरावा लागणार असेल तर त्याविरुद्ध भांडू नका, प्रॅक्टिकलचे गुण त्यावर आहेत. फक्त फाइल साठवताना नावापुढे सी हेच एक्स्टेन्शन द्या. टर्बो सी++ आपणहून सीपीपी देतो आणि मग तुमचा प्रोग्रॅम सी म्हणून नव्हे तर सी++ म्हणून कंपाइल होतो. मेमरी मागणाऱ्या मॅलॉकच्या आधी कास्ट, म्हणजे कंसात प्रकाराचे नाव, लिहिलाच पाहिजे ही समजूत मला वाटते तिथूनच आली आहे. व्हॉइड मेन ऐवजी इंट मेन लिहा, एफफ्लश स्टडइन लिहू नका, गेट्स वापरू नका, कारण ते सी११ मधून काढूनच टाकले आहे. असा प्रोग्रॅम दोन्हीकडे चालतो.

इशाऱ्यांबद्दल एवढे आग्रहाने लिहिले, तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे: वॉल आणि एक्स्ट्रा दोन्ही चालू असते तरी माझी फाइल वाचली नसती, कारण फाइलमधली नोंद किती बाइटची आहे हे कंपायलरला माहीत नसते. वाचली असती ती दोन गोष्टींनी. एक म्हणजे प्रत, आणि दुसरी म्हणजे स्ट्रक्चरच्या खाली स्टॅटिक असर्टची एक ओळ, की हिचा आकार ३७ च असला पाहिजे. ती ओळ सी११ पासून भाषेत आहे, टर्बो सीत ती चालत नाही, पण नव्या कंपायलरवर जाताना ती घातली असती तर नवा प्रोग्रॅम कंपाइलच झाला नसता. त्याहून चांगले म्हणजे फाइलमध्ये स्ट्रक्चर जशीच्या तशी लिहूच नये. मी आता नोंदी मजकुराच्या फाइलमध्ये, एका ओळीत एक नोंद अशा ठेवतो, आकडे निश्चित रुंदीच्या इंट३२_टी मध्ये धरतो आणि रक्कम रुपयांच्या फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश अपूर्णांकात, न ठेवता एकूण पैसे किती अशा पूर्णांकात ठेवतो.

तेव्हा तुमच्या चारशे नोंदींसाठी असे करा. ती फाइल घरी आणून नव्या कंपायलरने उघडू नका. आधी तिच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. मग प्रयोगशाळेत, त्याच टर्बो सीमध्ये, तीच स्ट्रक्चर घेऊन एक छोटा प्रोग्रॅम लिहा, जो फाइल ‘आरबी’ने, म्हणजे फक्त वाचण्यासाठी आणि बायनरी पद्धतीने उघडेल आणि एफप्रिंटएफने प्रत्येक नोंद एका ओळीत, घरांमध्ये उभी रेघ देऊन, नव्या मजकूर फाइलमध्ये उतरवेल. ‘आर’ एवढेच लिहिलेत तर २६ हा आकडा असलेल्या बाइटपाशी फाइल संपली असे धरले जाईल आणि सव्विसाव्या नोंदीच्या आसपास वाचन थांबेल. मार्ग दिला नसेल तर नवी फाइल बहुधा टर्बो सीच्या बिन फोल्डरमध्ये सापडेल. तिच्या ओळी मोजा, मूळ फाइलचा आकार टर्बो सीतल्या साइझऑफने भागून तोच आकडा येतो का पाहा, आणि पहिल्या, मधल्या व शेवटच्या काही नोंदी पडद्याशी ताडून मगच ती मजकूर फाइल घरी न्या. आकडा जुळला नाही तर पुढे काहीही न करता मला स्ट्रक्चरची व्याख्या आणि फाइलचा बाइटमधला आकार कळवा.