‘आस्क’ लिहू की ‘रिक्वेस्ट’?

प्रश्न : मी मूळची बार्शीची. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, सध्या पुण्यात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. हिंजवडीतल्या एका कंपनीत मुलाखत दिली. निकाल कळेना म्हणून मेल केला, ‘आय डिमांड द रिझल्ट ऑफ माय इंटरव्ह्यू.’ फार तुटक उत्तर आलं. ‘आस्क’ शाळकरी वाटला म्हणून मी डिक्शनरीतून ‘डिमांड’ घेतला होता. रूममेट म्हणते, ऑफिसच्या मेलमध्ये भारदस्त शब्दच हवेत. नेमकं काय करू?

उत्तर : तुझ्या वाक्याचं व्याकरण बरोबर आहे, बिघडला तो सूर. ‘डिमांड’ म्हणजे हक्कानं, ठणकावून मागणं. गंमत अशी की हे क्रियापद ज्या फ्रेंच शब्दावरून आलं, त्याचा तिकडे साधा अर्थ ‘विचारणं, मागणं’ एवढाच आहे. इंग्रजीत आल्यावर त्याला धार चढली. तेव्हा त्या कंपनीला पुन्हा दोन ओळी लिही : ‘आय वुड लाइक टू आस्क अबाउट द रिझल्ट ऑफ माय इंटरव्ह्यू.’ लांबलचक माफी नको. आणि बघ, यातही ‘आस्क’च आहे. सभ्यपणा ‘वुड लाइक टू’मुळे आला, जड क्रियापदामुळे नाही.

एकाच कामाला इंग्रजीत दोन-दोन क्रियापदं का, हे कळलं की पाठांतर बरंच कमी होतं. १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. पुढे कितीतरी पिढ्या दरबार आणि कायद्याच्या कामात फ्रेंच व लॅटिन चालायचं, सामान्य माणसं मात्र इंग्रजीच बोलायची. आस्क, हेल्प, बाय हे घरचे शब्द; रिक्वेस्ट, असिस्ट, परचेस हे फ्रेंचमधून आलेले. म्हणून दुसऱ्या गटाला आजही कागदपत्रांचा वास आहे. आईला आपण ‘सांगतो’ आणि कार्यालयाला ‘कळवतो’, हा फरक तुला मराठीत कुणी शिकवला नव्हता. इंग्रजीतही तो कानानंच येतो, फक्त वाचन-ऐकणं वाढवावं लागतं.

रूममेटचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये ‘साधा शब्द – भारी शब्द’ अशा याद्या पाठ करून घेतात, त्यांनी मुलांचं नुकसानच होतं. ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटची लेखनाची नियमावली तर ‘परचेस’ऐवजी ‘बाय’ आणि ‘असिस्ट’ऐवजी ‘हेल्प’ लिहा, असं सांगते. अमेरिकेत सरकारी मजकूर सोपा असावा म्हणून २०१० मध्ये कायदाच झाला. मुलाखतीत ‘आय परचेस्ड अ लॅपटॉप’ म्हणालीस तर पाठ केल्यासारखं वाटेल, ‘बॉट’ म्हण. करारात किंवा खरेदीच्या ऑर्डरमध्ये ‘परचेस’ शोभतं.

जड क्रियापद वापरायचंच असेल, तर त्याची वाक्यातली बसणीही शिकून घे. ‘आस्क फॉर लीव्ह’ चालतं, पण ‘रिक्वेस्ट’ क्रियापद असेल तर मध्ये ‘फॉर’ नको, नुसतं ‘रिक्वेस्ट लीव्ह’. ‘इन्फॉर्म’ला कुणाला कळवलं तो माणूस लागतो : ‘आय इन्फॉर्म्ड द मॅनेजर’. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लावू नकोस. ‘रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर देणं, हे आपल्याकडच्या ऑफिसांत रुळलंय, पण परदेशी क्लायंटला ‘रिप्लाय’च लिही. ‘लुक इन्टू’, ‘पुट ऑफ’ अशी दोन शब्दी क्रियापदं बोलताना बिनधास्त वापर. अहवालात ‘इन्व्हेस्टिगेट’, ‘पोस्टपोन’ बरी. तोही पक्का नियम नाही, ‘कॅरी आउट’ अहवालातसुद्धा चालतं.

इंग्रजी-मराठी डिक्शनरी अर्थापुरती ठेव. सूर तपासायला ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची विद्यार्थ्यांसाठीची डिक्शनरी ऑनलाइन फुकट बघता येते. तिथे शब्दापुढे ‘फॉर्मल’, ‘इन्फॉर्मल’ असा शेरा असतो आणि खाली उदाहरणं. सुटा शब्द वहीत उतरवू नकोस. पूर्ण वाक्य लिही आणि ते कुणाला उद्देशून आहे, तेही शेजारी लिही.