स्पर्धक कंपन्यांसोबत ओपन सोर्स प्रोजेक्टवर काम करताना अँटीट्रस्टची एवढी भीती कशाला?

तुम्ही विचारलंय की कोड तर सगळा उघड्यावर आहे, गिटहबवर कोणीही येऊन वाचू शकतो, मीटिंगमध्ये भावाचा विषयही निघत नाही, मग आमच्या लीगलवाल्यांनी दीड तास बसवून कार्टेल कार्टेल का केलं, आणि सदस्य कंपन्यांतल्या इंजिनिअर लोकांचा जो व्हॉट्सॅप ग्रुप आहे तो सोडायचा का. मी खराडीत एका कंपनीत कंप्लायन्स बघते, म्हणजे ते दीड तासवालं ट्रेनिंग देणारी बाई मीच, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने सांगते. अँटीट्रस्ट म्हणजे बाजारातली स्पर्धा राखणारा कायदा, आणि कार्टेल म्हणजे स्पर्धकांनी आपसात केलेलं संगनमत.

आधी दिलासा देते. नुसता कोड टाकला म्हणून कोणी अडकत नाही. अमेरिकेत डॅनियल वॉलेस नावाच्या एका गृहस्थाने आयबीएम, रेड हॅट आणि नॉव्हेलवर केसच टाकली होती, की जीपीएल लायसन्स (कोड फुकट वापरायची आणि बदलायची मुभा देणारं ओपन सोर्स लायसन्स) म्हणजे सगळ्यांनी मिळून किंमत शून्यावर बांधून ठेवायचा कट आहे, मग माझी ऑपरेटिंग सिस्टीम कोण विकत घेणार! २००६ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने ती उडवून लावली आणि ओपन सोर्सला अँटीट्रस्ट कायद्याची भीती नाही असं स्वच्छ लिहिलं. आता गंमत अशी की हा निकाल प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये दाखवतात आणि लोक निर्धास्त होतात, पण तो लायसन्सबद्दल आहे हो, कॉलवर तुम्ही स्पर्धकाशी काय बोललात त्याबद्दल नाही.

आपल्याकडचा कायदा म्हणजे २००२ चा स्पर्धा कायदा, त्यातलं कलम ३. स्पर्धकांनी भाव ठरवणं, बाजार वाटून घेणं, टेंडरमध्ये संगनमत हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच यादीत तांत्रिक विकास मर्यादित करणं पण आहे आणि इंजिनिअर लोक नेमकं तेच वाचत नाहीत. शिवाय करार म्हणजे सहीशिक्क्याचा कागदच लागतो असं नाही, नुसती आपसातली समजूत असली तरी कायद्याच्या लेखी तो करारच.

तुम्ही गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहात म्हणून गाड्यांचंच उदाहरण देते, मी ट्रेनिंगमध्ये पण हेच वापरते. डाइमलर, बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन ग्रुप यांचे इंजिनिअर नेमाने टेक्निकल मीटिंगला भेटायचे. विषय डिझेल गाडीतलं अ‍ॅडब्लू, म्हणजे ते युरियाचं पाणी जे धुरावर मारलं की नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात, आपल्याकडे बीएस६ आल्यापासून बऱ्याच डिझेलवाल्यांना ते माहीत झालंय. तर या मंडळींनी २००९ ते २०१४ च्या दरम्यान आपसात ठरवलं की त्याची टाकी केवढी ठेवायची, एका भरण्यात गाडी किती चालेल आणि सरासरी किती अ‍ॅडब्लू लागतं असं धरायचं. कायद्याने मागितलंय त्यापेक्षा जास्त स्वच्छ धूर करायचं तंत्र त्यांच्याकडे होतं, पण त्यावर एकमेकांशी स्पर्धा करायची नाही असा त्याचा अर्थ झाला. गाडीच्या किमतीबद्दल काही ठरवल्याचा आरोपच नव्हता. तरी जुलै २०२१ मध्ये युरोपियन कमिशनने बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगनला मिळून सुमारे ८७.५ कोटी युरो दंड लावला. नुसता तांत्रिक विकास रोखला म्हणून कार्टेल ठरवायची कमिशनची ती पहिलीच वेळ. डाइमलरला शून्य, कारण जाऊन सांगितलं त्यांनीच.

आणि तुमच्यासाठी महत्त्वाचा भाग पुढे आहे. त्याच प्रकरणात कमिशनने या कंपन्यांना हेही कळवलं की तुमच्या सहकार्यातल्या अमुक गोष्टींना आमची हरकत नाही, जसं टाकीत अ‍ॅडब्लू भरायच्या नळीचं तोंड सगळ्यांचं सारखं ठेवणं, अ‍ॅडब्लूच्या दर्जाबद्दल बोलणं, आणि अ‍ॅडब्लू किती मारायचं ते ठरवणारा सॉफ्टवेअर प्लॅटफॉर्म मिळून बनवणं! म्हणजे त्याच कंपन्या, तेच रसायन, सॉफ्टवेअर एकत्र लिहिलं ते चाललं आणि टाकी केवढी ते एकत्र ठरवलं ते नाही चाललं. माझं तर मत आहे की चाळीस स्लाइड दाखवण्यापेक्षा एवढं एकच नीट समजावलं तरी पुष्कळ आहे, पण ऑडिटला स्लाइड लागतात.

आता तुमच्या कॉलवर हे कसं दिसेल ते बघा. समजा रिलीज प्लॅनिंग चाललंय, अजेंड्यावर ओटीए अपडेटचं, म्हणजे गाडीचं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून अपडेट करायचं, मॉड्यूल आहे. समोरचा सहज म्हणतो, आमची गाडी दिवाळीला येतेय, त्यात हे टाकायचंय, तुमचं कधी? तुम्ही भाबडेपणाने म्हणता, छे, आमचं अजून वर्षभर तरी नाही. झालं! त्याला कळलं की वर्षभर या फीचरवर तुमच्याकडून धोका नाही, आता घाईपण नको आणि भाव कमी करायची गरजपण नाही. तेच तुम्ही असं बोललात की आम्हाला हे मॉड्यूल प्रोजेक्टच्या पुढच्या रिलीजमध्ये हवंय आणि टेस्टिंगला आमची दोन माणसं देतो, तर काम तेवढंच झालं आणि धोका काही नाही. प्रोजेक्टचा रोडमॅप उघड बोला, खुशाल भांडा त्यावर, प्रॉडक्टचा रोडमॅप आपल्या घरी ठेवा. चिपवाल्याने तुम्हाला काय भाव दिला, कुठल्या कस्टमरने काय मागितलं, कुठलं टेंडर भरताय, हेही तसंच. आणि सगळ्यात वाईट वाक्य म्हणजे, एन्क्रिप्शनचं ते वरचं लेव्हल यंदा कोणीच नको देऊया, एकाने दिलं की कस्टमर सगळ्यांकडे मागणार. ऐकायला हे कामाचा ताण कमी करणारं शहाणपण वाटतं, पण ही थेट वरची टाकीच आहे.

असं कोणी बोललं तर गप्प बसू नका. युरोपातली कोर्टं गप्प बसलेल्यालाही धरतात, उघडपणे अंग काढून घेतलं नाहीत तर तुम्ही सामीलच समजले जाता. सरळ म्हणा की हे अजेंड्यावर नाही, आपण इथे बोलायला नको, मिनिट्समध्ये नोंद घ्या. तरी चालूच राहिलं तर कॉल सोडा, किती वाजता सोडला ते मिनिट्समध्ये येऊ द्या आणि त्याच दिवशी लीगलला मेल टाका. वाईटपणा येतो, मान्य आहे.

मीटिंगच्या सुरुवातीला फाउंडेशनवाले, म्हणजे प्रोजेक्ट चालवणाऱ्या संस्थेचे लोक, अँटीट्रस्टची नोटीस दाखवतात किंवा वाचतात ना, लिनक्स फाउंडेशनच्या प्रोजेक्टमध्ये तर ती असतेच. सत्यनारायणाला गुरुजी संकल्प सांगतात आणि बाकीचे मोबाईल बघतात तशी तिची अवस्था झालीय. ती नोटीस असावी, पण ती वाचली म्हणून पुढे बोललेलं माफ होत नाही. संस्थेच्या छत्राखाली भेटलो म्हणून वाचलो असंही नाही. २०२१ मध्ये सीसीआयने, म्हणजे आपल्या स्पर्धा आयोगाने, बिअर कंपन्यांना ८७३ कोटींच्या वर दंड लावला, त्यात त्यांची असोसिएशनच एकमेकांना भाव कळवायचं व्यासपीठ झाली होती, दंड असोसिएशनलाही झाला. तिथेही एक कंपनी पूर्ण सुटली कारण तिने आधी जाऊन कबूल केलं. म्हणजे तुमच्याशी गोड बोलणारा स्पर्धक उद्या पहिला जाऊन सांगेल आणि शंभर टक्के माफी घेऊन बसेल, तशी सोय कायद्यातच आहे.

पुण्यातल्यांसाठी एक वेगळी भानगड आहे ती कोणी सांगत नाही. इथल्या निम्म्या कंपन्या स्वतः गाड्या बनवत नाहीत, दोन-तीन गाडीवाल्यांना सेवा देतात. एक टीम हिंजवडीत पहिल्या मजल्यावर एका कंपनीचं काम करते, दुसरी टीम वरच्या मजल्यावर तिच्या स्पर्धकाचं, आणि ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये दोघांच्या वतीने पॅच, म्हणजे कोडमधले बदल, टाकणारी माणसं कॅन्टीनमध्ये एकाच टेबलावर. आपण थोडेच स्पर्धक आहोत, असं म्हणायची सोय आता राहिली नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, स्वतः त्या धंद्यात नसलात तरी स्पर्धकांच्या संगनमतात मधला दुवा झालात तर तुम्हालाही त्यातलेच धरतात. त्याच दुरुस्तीने दंडाची कमाल मर्यादा मोजताना जगभरातली उलाढाल धरायची सोय केली, त्यामुळे परदेशी पालक कंपन्या पुण्यातल्या ऑफिसला एवढ्या ट्रेनिंगा का देतात ते लक्षात येईल. एका क्लायंटच्या तारखा दुसऱ्या क्लायंटच्या टीमला कळता कामा नयेत, एवढं तरी पाळाच.

पॅचबद्दल थोडक्यात. मेंटेनर, म्हणजे कुठला पॅच घ्यायचा ते ठरवणारा, तुमच्या कंपनीचा असेल आणि स्पर्धकाचा पॅच नाकारायचा असेल तर टेक्निकल कारण रिव्ह्यूमध्ये उघड लिहा, आणि तेच कारण स्वतःच्या पॅचलाही लावा. नवा सदस्य घ्यायचे नियमही सगळ्यांना सारखे. आणि लायसन्स खुलं असलं तरी बाजूला वेगळा करार करून फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून केलेली वेगळी आवृत्ती, वापरायचा नाही असं बांधून घेणं महागात पडू शकतं. गूगलला सीसीआयने ऑक्टोबर २०२२ मध्ये १३३७ कोटींचा दंड लावला, त्यात इतर मुद्द्यांसोबत मोबाईल बनवणाऱ्यांना अँड्रॉइडचे फोर्क वापरू न देणारे करार हाही मुद्दा होता. ती केस वर्चस्वाच्या गैरवापराची, तुमच्यापेक्षा वेगळी, पण ओपन सोर्स आहे म्हणजे चाललं असं कोणी म्हणालं तर सांगायला बरी.

राहिला व्हॉट्सॅप ग्रुप. सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजचे बॅचमेट, जुने रूममेट, एकाच सोसायटीत राहणारे, ही सगळी तुमच्या स्पर्धकांकडेच कामाला असणार, त्यांना ओळख दाखवू नका असं कुठलाही कायदा म्हणत नाही. चहाला जा, ट्रेकला जा. पण प्रोजेक्टचं काम त्या ग्रुपवर करू नका, ते प्रोजेक्टच्या मेलिंग लिस्टवर किंवा गिटहबवरच्या इश्यूमध्ये करा, जिथे तिसरा माणूस वाचू शकतो. ग्रुपवर पगारवाढीचे आकडे टाकतात ना, यंदा तुमच्याकडे किती टक्के, आमच्याकडे किती, ते मित्रामित्रांत ठीक आहे, पण त्यात मॅनेजर किंवा एचआरवाले असतील आणि आपण एकमेकांची माणसं नको उचलूया असं कोणी लिहिलं तर त्याच मिनिटाला बाहेर पडा आणि स्क्रीनशॉट लीगलला द्या. अमेरिकेत अ‍ॅपल, गूगल, इंटेल, अ‍ॅडोबी यांना अशाच समजुतींपायी इंजिनिअर लोकांना ४१.५ कोटी डॉलर द्यावे लागले. आणि ग्रुपवरचे जुने मेसेज आता घाबरून डिलीट करत बसू नका, काही नसलेल्या ठिकाणी संशय उभा राहतो. तसं काही सापडलंच तर आधी लीगलला दाखवा, आम्ही ओरडत नाही. म्हणजे ओरडतो, पण मदतपण करतो.